रात्रीची वेणी

हेग नगरीतील मॉरित्सहाउस या चित्रसंग्रहालयात हेरार्ड तेर बोर्ख या डच चित्रकाराचे सुमारे १६५२-५३ सालचे एक लहानसे चित्र आहे. एक आई खाली मान घालून बसली आहे, मूल तिच्या मांडीशी टेकले आहे आणि ती बारीक दातांच्या फणीने त्याच्या केसांतील उवा शोधीत आहे. चित्रात दुसरे काही घडत नाही. तथापि महाराष्ट्रातील कोणत्याही वाड्याच्या ओसरीवर किंवा चाळीच्या गॅलरीत ज्याचे बालपण गेले असेल, त्यास त्या चित्रापुढे परक्या देशात उभे असल्यासारखे वाटावयाचे नाही. फणी तीच, मान वाकविणे तेच, आणि मुलाच्या चेहऱ्यावरील ‘आता पुरे’ हा भावही तोच.

त्या संग्रहालयापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर झूटरमेर वसले आहे. गोड पाण्याच्या ज्या तळ्यावरून गावाला हे नाव मिळाले, ते तळे सतराव्या शतकाच्या आरंभीच उपसून कोरडे करण्यात आले. नाव मात्र राहिले. १९६० च्या सुमारास दहा हजारांच्या आतबाहेर वस्ती असलेले हे खेडे हेगच्या वाढत्या लोकसंख्येला सामावून घेण्यासाठी मुद्दाम वाढविण्यात आले आणि आज तेथे सव्वा लाखाहून अधिक माणसे राहतात. त्यांत सुरिनामहून आलेली हिंदुस्थानी कुटुंबे पुष्कळ आहेत, थोडी मराठी घरेही आहेत. अशा मराठी घरी पुण्याहून, सांगलीहून किंवा नागपुराहून आजी येते ती बहुधा नव्वद दिवसांच्या परवान्यावर. ती येताना बॅगेत मेतकूट, गोडा मसाला आणि खोबरेलाची बाटली आणते. आणि आल्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या रात्री घरात पहिली कुरबूर होते ती नातीच्या केसांवरून.

कुरबुरीचे कारण पाहू जाता क्षुल्लक असते. नात आठ-नऊ वर्षांची असते. तिचा पोहण्याचा वर्ग संध्याकाळी असतो. या कालव्यांच्या देशात मुलाने पोहण्याचा दाखला मिळविणे हे जवळजवळ लिहितावाचता येण्याइतकेच अगत्याचे समजले जाते, आणि पहिल्या दाखल्यासाठी तर अंगावरच्या कपड्यांसह पोहून दाखवावे लागते. वर्ग सुटतो, सायकलीवरून घर गाठले जाते, जेवण होते, आणि क्लोरीनच्या पाण्याने भिजलेले केस तसेच मोकळे सोडून मूल उशीवर डोके टेकते. सकाळी सव्वाआठच्या सुमारास शाळेस निघावयाचे असते. आठ वाजता मानेमागे बोटभर गुंता सापडतो, कंगवा अडकतो, रडारड होते आणि आई हाताशी असलेली कात्री शोधू लागते. आजीचे म्हणणे एवढेच असते की, केस मोकळे सोडून निजू नये.

आजी याचे कारण सांगते ते निराळे. तिन्हीसांजेनंतर केस विंचरू नयेत, मोकळे केस अशुभ, रात्री वाऱ्यावर केस सोडू नयेत, असे काहीबाही तिने तिच्या आजीकडून ऐकलेले असते. नात हसते, आई संकोचते. पण कारण बाजूस ठेवून नुसता नियम पाहिला, तर आजीच्या पदरात सत्याचा वाटा बराच मोठा पडतो.

केस म्हणजे काय, हे येथे थोडक्यात ध्यानात घेतले पाहिजे. त्वचेच्या वर आलेला केस जिवंत नसतो. तो केरॅटिन नामक प्रथिनाचा धागा आहे आणि त्याच्यावर अत्यंत पातळ खवल्यांचे पाच ते दहा थर असतात. हे खवले मंगळुरी कौलांसारखे एकावर एक रचलेले असून त्यांची तोंडे शेंड्याकडे असतात. म्हणून मुळाकडून शेंड्याकडे हात फिरविला तर केस गुळगुळीत लागतो. उलट फिरविला तर किंचित खरबरीत लागतो. कौले उलट्या दिशेने घासली की ती उचकटतात. एकदा उचकटलेले कौल पुन्हा बसविणारा कारागीर केसांच्या बाबतीत नाही, कारण केस मृत आहे, आणि झालेली झीज भरून काढण्याचे सामर्थ्य मृत वस्तूत नसते. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. तेव्हा ज्या मुलीचे केस कमरेपर्यंत, म्हणजे सुमारे पाऊण मीटर लांब आहेत, तिच्या वेणीचा शेंडा सहा वर्षांचा जुना असतो. सहा वर्षांच्या दोन हजारांहून अधिक रात्री त्याने उशीवर काढलेल्या असतात. मनुष्य निजेत वारंवार कूस बदलतो आणि प्रत्येक वेळी डोक्याच्या भाराखाली केस अभ्र्यावर घासला जातो, कधी सुलट, कधी उलट. केसांना फाटे फुटतात ते एका दिवसात नव्हे; अशा हजार लहान घासण्यांचा तो परिणाम असतो.

ओल्या केसांची गोष्ट याहून नाजूक आहे. पाण्याने केस फुगतो, त्याच्या आतील काही बंध सैल पडतात, आणि कोरडा असताना जो ताण तो सहज सोसतो तोच ताण ओला असताना त्यास लांबवितो व प्रसंगी तोडतो. शिवाय ओले केस एकमेकांस चिकटून झुपके बनतात आणि ते झुपके वाळता वाळता अडकतात. लोकरही केरॅटिनचीच. ओली लोकर दाबून, मळून नमदा तयार करतात तेव्हा विणकाम असे काही करावेच लागत नाही. खवले खवल्यांत गुंततात आणि आपोआप कापड जमते. ओले केस मोकळे सोडून त्यांवर आठ तास डोके घुसळणे म्हणजे नकळत नमदा करावयास बसणेच होय.

कालिदासाला हे ठाऊक असावे. ‘मेघदूता’तील यक्षपत्नी विरहाच्या पहिल्या दिवशी एकच वेणी घालते आणि पती परत येऊन सोडीपर्यंत ती उलगडत नाही. कवीने त्या वेणीचे वर्णन मुलायम असे केलेले नाही; ती कठीण, उंचसखल, स्पर्शाला खुपणारी झाली आहे, आणि ती गालावर येते तेव्हा विरहिणी ती हाताने दूर सारते. रसिक यात विरह पाहतात. वेणीफणी करणारी स्त्री यात अनेक महिने न विंचरलेले केस पाहते. दोघांचेही खरे आहे.

काव्यात जी वेणी वर्षाच्या शेवटी सुटते ती प्रत्यक्षात सर्वांची सुटत नाही, आणि केसांचा गुंता हा विषय हसण्यावारी नेता येत नाही तो याच कारणाने. कोल्हापूर, सांगली, सोलापूर हे जिल्हे आणि त्यांना लागून असलेला बेळगावचा प्रदेश येथे केसांत ‘जट’ आली म्हणजे सौंदत्तीच्या यल्लम्माचे बोलावणे आले, अशी समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली. घरात मुलगी मोठी होऊ लागली आहे, शेतातली आणि घरातली कामे आहेत, न्हाणे आठवड्यातून एकदा, तेलाला पैसा नाही, विंचरावयास कोणास वेळ नाही. एके दिवशी मानेमागे सुपारीएवढा गुंता लागतो. घाबरून त्याला कोणी कंगवा लावीत नाही, कारण लावला तर देवीचा कोप. उलट त्याला हळदकुंकू वाहिले जाते. न विंचरल्याने गुंता वाढतो, आणि वाढला म्हणून देवीची खूण पक्की ठरते! अशा किती मुली देवाला सोडल्या गेल्या, जोगतिणी झाल्या, संसाराला मुकल्या. मुंबई प्रांतात १९३४ साली, कर्नाटकात १९८२ साली आणि महाराष्ट्रात २००५ साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदे झाले. राजन गवस यांनी ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांतून हे जग मराठी वाचकांपुढे उभे केले आणि त्यांवर आधारलेला ‘जोगवा’ हा चित्रपट २००९ साली प्रदर्शित झाला.

परंतु कायद्याने वा कादंबरीने डोक्यावरची जट उतरत नाही. ती उतरविण्याचे काम महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अंगावर घेतले. पुण्याच्या नंदिनी जाधव या त्यांपैकी एक. स्वतःचे सौंदर्यप्रसाधन केंद्र चालविणाऱ्या या बाईंनी आपली कात्री या कामी लावली आणि दोनशेहून अधिक स्त्रियांना जटेतून मोकळे केले. कात्री चालविण्यास फार वेळ लागत नाही; वेळ लागतो तो त्या आधीच्या बोलण्यास. काही स्त्रिया वर्षानुवर्षे एका कुशीवर निजलेल्या असतात, मानेवर भार असतो, जटेत उवा होतात, जखमा होतात, पण घरच्यांवर संकट येईल या भीतीने त्या हात लावू देत नाहीत. पती, सासू, गावातले वडीलधारे अशा एकेकाची समजूत काढावी लागते. देवीवरील श्रद्धेला धक्का न लावता गुंत्याचे कारण केवळ गुंता हेच आहे, एवढे पटवावयाचे असते. हे काम शिक्षकाच्या कामाहून वेगळे नव्हे. किंबहुना अधिक अवघड, कारण येथे विद्यार्थी भ्यालेला असतो.

याचा अर्थ झूटरमेरच्या मुलीच्या डोक्यात सकाळी सापडलेला गुंता म्हणजे काही अनर्थ असे नव्हे. तेथे कात्री आहे, कंगवा आहे आणि समजूतही आहे. तरी सांगावयाचे ते हे की, गुंता एका रात्रीत जन्म घेतो आणि वेळीच न सोडविला तर वाढतो, हा निसर्गक्रम सर्व देशांत एकच आहे.

आता तेलाकडे वळू. आजीच्या बाटलीविषयी घरात सर्वांत अधिक वाद होतो, आणि शास्त्राने त्यात आजीची बाजू घेतली आहे ती मात्र मर्यादितच. चरकाने आणि वाग्भटाने आपल्या ग्रंथांच्या सूत्रस्थानांत डोक्यास नित्य तेल लावण्यास सांगितले व त्यामुळे झोपही चांगली लागते असे म्हटले, हे प्रसिद्धच आहे. अलीकडच्या काळात मुंबईच्या प्रयोगशाळेतील आरती रेळे आणि मोहिले या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात खोबरेल, सूर्यफुलाचे तेल व खनिज तेल यांची तुलना केली. केस धुण्यापूर्वी वा नंतर लावले असता केसांतील प्रथिनांची झीज तिघांपैकी एकट्या खोबरेलाने कमी केली. खोबरेलातील लॉरिक आम्लाची साखळी सरळ व आखूड असल्यामुळे ते केसाच्या आत शिरू शकते. खनिज तेल वरच राहते. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीत काम करीत होते, हे सांगितल्यावाचून राहणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तरीही प्रयोग स्वच्छ होता आणि आजीला ठाऊक असलेली गोष्ट त्याने मापून दाखविली.

मात्र तेलाने केस वाढतो, काळा होतो, ‘मुळांना पोषण’ मिळते, या जाहिरातींतील गोष्टी निराळ्या. मृत धाग्यास पोषण कसले? तेल केसाला झिजण्यापासून वाचविते, इतकेच; आणि इतकेही पुष्कळ आहे. ज्यांच्या डोक्यात कोंडा आहे त्यांनी तर रात्रभर टाळूवर तेल मुरविण्याच्या फंदात पडू नये, कारण कोंड्याशी संबंध असलेले सूक्ष्म कवक तेलकटपणावरच पोसते. अशांनी तेल लावावयाचेच तर ते केसांच्या खालच्या अर्ध्या भागास, धुण्यापूर्वी तास-दोन तास लावावे. कपाळावर पुटकुळ्या येणाऱ्या वयातील मुलामुलींनाही हेच लागू.

हॉलंडात या तेलाची एक गंमत होते. खोबरेल सुमारे चोवीस अंशांखाली थिजते. कोकणात ते थिजले म्हणजे थंडी आली असे समजून बाटली उन्हात ठेवितात. येथे घराचे तापमान एकोणीस-वीस अंशांवर ठेविण्याची रीत, आणि २०२२ सालच्या इंधनटंचाईत तर सरकारनेच एकोणीस अंशांचा आग्रह धरला. म्हणून बाटली बारमाही थिजलेली! उन्हाचा भरवसा नाही, म्हणून आजी ती रेडिएटरवर ठेविते आणि झाकण घट्ट लावावयास विसरली तर भिंतीवर डाग पडतो. याच रेडिएटरमुळे हिवाळ्यात घरातील हवा कोरडी होते, केस भुरभुरतात, लोकरी टोपी काढताच उभे राहतात. थिजलेल्या तेलाचा हरभऱ्याएवढा गोळा तळहातावर चोळून शेंड्यांना लावला तर वितळतो, पुरतो आणि वर्गात वासही येत नाही. हा शेवटचा मुद्दा मुलीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा असतो, हे आजीने ओळखले पाहिजे. तेलाने चप्प केलेल्या डोक्याने परक्या मुलांत बसणे काय असते, हे आजीला कधी सोसावे लागलेले नाही. तिच्या वर्गात सगळ्यांचीच डोकी तेलाची होती.

तेल अभ्र्याला लागते म्हणून पूर्वी उशीवर जुन्या लुगड्याचा तुकडा टाकीत. शंभर वेळा धुतलेले ते सुती कापड नव्या कडक चादरीहून पुष्कळ मऊ असे. गोधडीचे सुख त्यातच आहे. हल्ली रेशमी अभ्रे महाग किमतीस विकले जातात. रेशमाचा तंतू गुळगुळीत आणि सलग असल्यामुळे त्यावर केस कमी घासतो, हे बरोबर आहे. पण तो अभ्रा घेतला म्हणजे सर्व साधले असे नव्हे. ‘सॅटिन’ हे तंतूचे नाव नसून विणीचे नाव आहे, हेही ग्राहकास क्वचितच सांगितले जाते. ज्या विणीत धागे कापडाच्या पृष्ठावर लांबवर तरंगत राहतात ती सॅटिनची वीण. मग धागा रेशमाचा असो वा पॉलिएस्टरचा. छत्रपती संभाजीनगरच्या मागांवर हिमरूबरोबर विणला जाणारा मश्रू याच कुळातला, बाहेर रेशीम व आत सूत.

सुरिनामच्या कृष्णवर्णीय कुटुंबांत या बाबतीत मराठी घरांहून अधिक जाणतेपण आढळते. त्यांच्या कुरळ्या केसांस प्रत्येक वळणावर तुटण्याचा धोका असतो, आणि टाळूचे नैसर्गिक तेल वळणावळणाने शेंड्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून रात्री केसांची पेडे घालून त्यावर सॅटिनची टोपी किंवा रुमाल बांधावयाचा, ही तेथे रोजची रीत आहे. डच लोकांनीही जुन्या काळी रात्रीच्या टोप्या घातल्या, पण त्या थंडीसाठी. आता त्या भाषेत उरला आहे तो शब्द, आणि तोही निजण्यापूर्वीच्या मद्याच्या पेल्यास लावतात. १८७३ साली ‘लल्ला रूख’ जहाजाने पारामारिबोस उतरलेल्या हिंदुस्थानी मजुरांच्या पणत्यांना मात्र टोपी लागत नाही. त्यांच्याकडे वेणी आहे, आणि हेगच्या पॉल क्रुगरलानवरील दुकानांत तेलाच्या बाटल्यांची रांग आहे.

वेणी कशी असावी, याविषयी मात्र आजीशीही थोडे भांडावे लागेल. दिवसाची वेणी आणि रात्रीची वेणी एक नव्हे. शाळेसाठी जी वेणी कपाळाची कातडी ताणली जाईल इतकी घट्ट घालतात, ती रात्रभर ठेवणे अपायाचे. सतत ओढल्या जाणाऱ्या केसांची मुळे दुबळी होतात, आणि कपाळाच्या कडेने व कानशिलांवर केस विरळ होऊ लागतात. केस घट्ट बांधणाऱ्या ग्रीनलंडमधील स्त्रियांच्या बाबतीत असे वर्णन १९०७ सालीच झाले आहे. आरंभी ही हानी भरून येते. वर्षानुवर्षे चालू राहिली तर येत नाही. म्हणून रात्रीची वेणी तिपेडी, सैल, मानेच्या खालपासून सुरू होणारी असावी. केस आधी पूर्ण वाळलेले असावेत. पोहून आल्यावर ते साध्या पाण्याने धुवावेत, टॉवेलने रगडू नयेत, टिपावेत. आणि रुंद दातांच्या कंगव्याने शेंड्याकडून आरंभ करीत गुंता वरवर सोडवीत जावे. रबराचे उघडे कडे लावू नये, ते केस कापते. पूर्वीच्या आगवळासारखी मऊ दोरी किंवा कापडाने मढविलेला पट्टा बरा. गजरा, चाप, आकडे काढून ठेवावेत, हे सांगावयास नकोच. निजताना वेणी उशीच्या वर टाकावी किंवा खांद्यावरून पुढे घ्यावी, म्हणजे ती अंगाखाली ओढली जात नाही. डच शाळांत सुट्टीनंतर पालक मुलांची डोकी तपासतात ती उवांसाठीच. तेव्हा वेणीची सवय दिवसाही कामास येते.

राहता राहिले पाणी. येथे येणारी प्रत्येक मराठी गृहिणी पहिल्या वर्षी केस गळू लागले की नळाच्या पाण्यास दोष देते. झूटरमेरला येणारे पाणी मास नदीचे असून ते समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांतून झिरपवून घेतलेले आणि काठिण्य कमी केलेले असते. पुष्कळ गावांच्या विहिरींहून ते सौम्य आहे. रोज पन्नास ते शंभर केस गळणे तसेही स्वाभाविकच. स्थलांतराच्या वर्षी माणसाचे आणखीही काही गळत असते, आणि त्याचा दोष कोणत्या नळास द्यावा?

अशा रीतीने नव्वद दिवस सरतात. पहिले काही दिवस नात पळते, मग सवलत मागते, मग जेवणानंतर आपणच कंगवा आणून आजीपुढे बसते. वेणी घालावयास पाच मिनिटे लागतात. पण बसणे अर्धा तास चालते, आणि तेवढा वेळ बोलणे मराठीत होते, कारण आजीला डच येत नाही. शाळेत कोण कोणाशी बोलत नाही, पोहताना कोण रडले, हे आईला ठाऊक नसलेले पुष्कळ या अर्ध्या तासात आजीला कळते. मुलीची पाठ आजीकडे असते, तोंड दिसत नाही, म्हणून सांगणे सोपे जाते.

मग आजी परत जाते. फोनवर चेहरा दिसतो. पण हिवाळ्यात झूटरमेरला रात्रीचे आठ वाजतात तेव्हा सांगलीस साडेबारा झालेले असतात आणि आजी केव्हाच निजलेली असते. आई कामावरून थकून येते. तेव्हा मुलगी स्वतःच वेणी घालावयास लागते. पाठीमागे हात नीट पुरत नाही, म्हणून ती सारे केस एका खांद्यावरून पुढे घेते आणि आरशात पाहत, पेड मोजीत, वाकडीतिकडी वेणी घालते. ती वेणी सकाळपर्यंत अर्धी सुटलेली असते. गुंता मात्र होत नाही.